पोकळीची डागडुजी

टेबलावर एक जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड अंथरा. धागे सुटणारं नको, कारण जेटच्या भोकात अडकायला एक तंतूही पुरतो. खिडकी उघडी ठेवा. समई असो की शेगडी, जवळपास काही पेटतं नको. पेट्रोल काढून टाकलेला, बाहेरची माती ब्रशनं झाडलेला कार्बोरेटर कापडाच्या मधोमध ठेवा. पाना अजून उचलायचा नाही. हात मांडीवर असू द्या.

समोर अमल कंपनीचा मोनोब्लॉक आहे असं धरून चालू. तीन ब्रिटिश कार्बोरेटर कंपन्या 1927 मध्ये एकत्र आल्या आणि अमल उभी राहिली. 1950च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षं बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, रॉयल एनफिल्ड या गाड्यांवर बहुधा हाच मोनोब्लॉक असायचा. फ्लोटची वाटी आणि हवेची नळी एकाच ओतीत, म्हणून हे नाव. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवर अमल किंवा व्हिलिअर्स सापडतो, पुढं मिकार्ब आला. तुमच्यापुढं यांतला कुठलाही असो, नाहीतर म्हैसूरच्या जावाचा जिकोव्ह असो, भाग थोड्याफार फरकानं तेच आहेत. त्यामुळं हातात दुसरा कार्बोरेटर असला तरी सोबत राहायला अडचण नाही.

आधी फक्त पाहा. स्क्रूंची डोकी पाहा. खाचेचे काठ उडालेले दिसतील. खालच्या नटाचे कोपरे गोल झालेले असतील, कारण तिथं पाना न लावता पक्कड लावली गेली. जोडावर लाल गॅस्केट-शेलॅकचा जाड थर असेल. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे. तो मऊ असतो आणि त्यावर उमटलेली प्रत्येक घाई कायमची राहते. रस्त्यानं केलेलं नुकसान यात थोडं आहे. जास्तीचं नुकसान आधीच्या दुरुस्त्यांनी केलेलं आहे. त्या अनोळखी हातांवर रागावू नका. संध्याकाळच्या आत गाडी चालू करून द्यायची होती त्यांना. तुम्हाला आज ती घाई नाही, एवढाच फरक. तो नीट लक्षात येईपर्यंत बसून राहा.

आता वरचं झाकण सोडवून स्लाइड सुईसकट अलगद वर काढा आणि बॉडी उजेडाकडं धरून आरपार पाहा. गोल, स्वच्छ, मधे किंचित अरुंद होत गेलेली वाट दिसेल. इंजिन श्वास ओढतं तेव्हा हवा इथून जाते. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या व्हेंचुरीनं ही गोष्ट 1797 मध्ये प्रवाहांवरच्या प्रयोगांतून मांडली, तेव्हा पहिली मोटारसायकल यायला नव्वदएक वर्षं बाकी होती. पेट्रोल वर ओढलं जातं असं आपण सहज म्हणतो. खरं म्हणजे ते ढकललं जातं. बाहेरच्या हवेचा दाब फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर असतो आणि नळीतल्या कमी दाबाकडं तो त्याला लोटतो. म्हणून वाटीला वर एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते बुजलं तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी थोडं अंतर जाऊन धापा टाकत बंद पडते.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनानं जवळपास पंधरापट हवा लागते. आकारमानात मांडलं तर सुमारे नऊ हजार लिटर. एका लिटरच्या बाटलीमागं नऊ हजार बाटल्या हवा. हा आकडा मनात थोडा वेळ राहू द्या. तळहातावर मावणारी ही वस्तू प्रत्येक श्वासाला हे प्रमाण सांभाळत असते, आणि तेही बॅटरीशिवाय, सेन्सरशिवाय. सांभाळते कशानं? मोठी नळी, मेन जेटचं भोक, पायलट जेटचं भोक, सुईभोवतीचं कडं, स्लाइडच्या पुढ्यातली दोन बारीक छिद्रं, वाटीवरचं ते छिद्र. यादी वाचा. सगळ्या रिकाम्या जागा आहेत. धातू त्यांच्या भोवती उभा आहे, राखणीला.

हे ध्यानात आलं की बिघाडांची गर्दी आपोआप कमी होते. असावी ती पोकळी बुजली, किंवा वाढली, किंवा नको तिथं नवी झाली. यापलीकडं कार्बोरेटरला फारसं काही होत नाही. एकेक हातात घेऊ.

बुजलेली पोकळी आधी. पायलट जेट बाहेर काढा. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसतंय का, हे दोनदा तपासा. अरुंद पातं पितळेचे काठ उडवतं. जेट उजेडाकडं धरा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं भोक, त्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड दिसायला हवा. दिसत नाही. पावसाळ्याचे चार महिने गाडी ताडपत्रीखाली उभी होती. पेट्रोल उडून गेलं आणि मागं पिवळट, वार्निशसारखा राप उरला. वाटीच्या तळाशी बोट फिरवलंत तर पांढरी भुकटी लागेल. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळ गाठतं आणि तिथं जस्ताला खात बसतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल पिऊन घेतं. साठ वर्षांपूर्वीच्या रबरी ओ-रिंगा आणि जस्त या इंधनासाठी घडवलेले नव्हते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवणं, एवढा साधा उपाय आपल्या हातात आहे.

आता हात तारेकडं जाईल. क्लचच्या केबलची एक तार, आत घातली, फिरवली, मोकळं झालं. हात जाऊ द्या, पण तार उचलू नका. ती पोलादाची आहे आणि जेट पितळेचा. अर्ध्या मिलिमीटरचं भोक घासून पाच शतांश मिलिमीटरनं वाढलं, तर त्याचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. डोळ्याला काही दिसणार नाही. जेटवरचा नंबर तोच राहील, आणि आता तो खोटा असेल. अमलच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे ठरावीक दाबाखाली मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल त्यातून जातं, ते माप. एका तारेनं ते माप पुसलं जातं आणि पुढची कित्येक वर्षं मिस्त्री प्लगपासून पॉइंटपर्यंत सगळं बदलत राहतात.

म्हणून जेट कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजू द्या. सकाळी उलट्या बाजूनं हवा मारा. उजेडाकडं धरा. अजून अंधार असेल तर पुन्हा भिजवा. चिंचेनं पितळ लखलखतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण जस्ताच्या बॉडीला चिंच, लिंबू, व्हिनेगर काही लावायचं नाही, आम्ल जस्त खातं. बॉडीतल्या वाटा तपासायला एअर स्क्रूच्या भोकातून क्लीनरचा फवारा मारा आणि स्लाइडच्या पुढ्यात, इंजिनच्या बाजूला पाहा. तिथल्या दोन्ही छिद्रांतून बारीक धार उडायला हवी. एकातूनच उडाली तर काम झालेलं नाही. पुन्हा भिजवणं, पुन्हा वाट पाहणं. या कामात कौशल्य फार थोडं आहे. राप हळूहळू विरघळत असतो आणि तोवर तुम्ही मधे पडत नाही, एवढंच. ‘काहीच करत नाही’ अशी जी चुळबूळ आत होते, तिच्याकडं थोडा वेळ बघत राहा. जेटला तुमच्या चुळबुळीचा उपयोग नसतो.

दुसरी, वाढलेली पोकळी. ही भिजवून बरी होत नाही. स्लाइडला लटकणारी निमुळती सुई हातात घ्या आणि ती ज्यातून वरखाली होते तो निडल जेट शेजारी ठेवा. मूठ पाव ते पाऊण पिळलेली असते तेव्हा पेट्रोल सुईच्या भोवतालच्या कड्यातून येतं. गाडी चालते, सुई थरथरते, हजारो किलोमीटर जेटच्या एकाच बाजूवर घासत राहते. गोल भोक लंबगोल होतं. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून पाहा. एका अंगाला चकचकीत पट्टा दिसला तर तो झिजलेला आहे. या जेटवर 106 असा आकडा असतो, म्हणजे इंचाचे 106 सहस्रांश. तेवढ्या सूक्ष्म मापात झीज मोजायची असते. लक्षणं मात्र ठळक असतात. ॲव्हरेज पडतं, मधल्या पिकअपला गाडी गुदमरते, प्लग काजळतो.

याला दुरुस्ती नाही. बदलायचा. अमलचे भाग इंग्लंडमध्ये आजही नव्यानं बनतात. जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाला प्रत्येक मूळ भाग वाचवावासा वाटतो, आणि ते समजण्यासारखं आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जे नियम आणले त्यांत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी ठेवली, नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. पण मूळ रूप राखायचं म्हणजे काय, हा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. तो झिजलेला जेट मूळचा आहे, त्यातली पोकळी मूळची राहिलेली नाही. नवा जेट 106 चा असेल तर कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसाची पोकळी तो परत आणतो. यातलं मूळ कोणतं, हे तुम्हीच ठरवा. लगेच ठरवायची गरज नाही.

स्लाइडचं तसं नाही. तिला वाचवता येतं. स्लाइडच्या एका बाजूला खालून कापलेला भाग असतो, त्यावर आकडा असतो, जसं साडेतीन. म्हणजे इंचाचे साडेतीन सोळांश इतका काप. मूठ नुकती पिळू लागता तेव्हाचं मिश्रण हा काप ठरवतो. स्लाइडही जस्ताची आणि ती ज्या भिंतीत सरकते तीही जस्ताची. दोघी एकमेकींना झिजवतात आणि कडेनं नको ती हवा शिरू लागते. आयडलिंग एका जागी टिकत नाही, सिग्नलला कधी चढतं तर कधी गाडी बंद. चांगला टर्नर असेल तर तो बॉडी साफ गोल बोअर करतो आणि स्लाइडवर पातळ स्लीव्ह चढवतो, किंवा मापाची जाड स्लाइड घडवतो.

त्याच्याकडं काम देताना मात्र एक गोष्ट बजावून सांगा. घट्ट नको. स्लाइड बॉडीत सोडली की आपल्याच वजनानं, कुठं न अडखळता खाली गेली पाहिजे. घरी आणून तसं करून पाहा. बॉडी सरळ धरा, स्लाइड सोडा, ऐका. पुन्हा सोडा. फटीला दोष मानून ती शून्यावर नेली तर स्लाइड तापल्यावर अडकते, आणि उघड्या मुठीवर अडकलेली स्लाइड जिवाशी खेळ असतो. झिजलेली फट नको, पण फट हवीच. दुरुस्ती करताना आपण किती वेळा फटीलाच शत्रू समजतो, हे स्वतःला विचारायला ही जागा बरी आहे.

तिसरी, नको तिथं झालेली पोकळी. बॉडी इंजिनला जिथं लागते तो फ्लँज पाहा. दोन बाजूंना दोन नट, मधे ओ-रिंगचा गाळा. हवा चोरतेय असं वाटलं की मिस्त्री नट आणखी आवळतो. जस्त वाकतं, दोन्ही कान पुढं येतात आणि मधे कमान पडते. कमानीतून आणखी हवा शिरते, म्हणून आणखी आवळलं जातं. पोलादी पट्टी फ्लँजवर आडवी धरा आणि मागून उजेड पाहा. मधे चंद्रकोरीएवढी फट दिसली की समजायचं. इंजिन मुठीशिवाय चढतं, उतरत नाही, प्लग पांढरा पडतो. जादा हवेचं मिश्रण गरम जळतं आणि त्याचा ताप पिस्टनला होतो.

जाड आरशाची काच सपाट जागेवर ठेवा. तिच्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर, पाणी शिंपडून. फ्लँज त्यावर टेकवा आणि मराठी चार काढल्यासारखा हात फिरवा. दाब देऊ नका, बॉडीचं वजन पुरे आहे. थोड्या फेऱ्या झाल्या की बॉडी पाव वळवा, म्हणजे हाताचा एकांगी कल फ्लँजमध्ये उतरणार नाही. उचलून पाहा. जिथं घासलं तिथं मंद चमक, मधे अजून काळसर. पुन्हा टेकवा. काळसर डाग आक्रसत जाईल. तो नाहीसा झाला की थांबा. आणखी घासलं तर आणखी सपाट होत नाही. ओ-रिंगचा गाळा उथळ होतो, आणि मग रिंग जास्त वर उरून फ्लँजला पुन्हा वाकवू लागते. हात लयीत आलेला असतो तेव्हाच थांबणं जड जातं. थांबल्यावर हात काय मागतो ते पाहा.

नको तिथल्या पोकळीचं दुसरं ठिकाण म्हणजे फ्लोट. मोनोब्लॉकच्या आधीच्या गाड्यांवर फ्लोटची वाटी वेगळी, बाजूला बसवलेली असायची आणि फ्लोट पितळेचा. काम घरावरच्या टाकीतल्या गोळ्याच्या नळासारखंच, पातळी भरली की वर तरंगून वाट बंद करायची. अशा फ्लोटला सुईएवढं छिद्र पडलं की पेट्रोल आत शिरतं, तो बुडतो आणि कार्बोरेटर ओव्हर होऊ लागतो. कानाशी धरून हलवा. आत डुबुकडुबुक ऐकू आलं तर छिद्र आहे. छिद्र कुठं, हे फ्लोटच सांगतो. शेगडीपासून दूर, ताटलीत कढत पाणी ओता आणि फ्लोट त्यात बुडवून धरा. आतली हवा प्रसरण पावते आणि एका जागेवरून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. तिथं पेन्सिलनं खूण करा. मग छिद्र खाली ठेवून त्याच गरम पाण्याच्या उबेनं आतलं पेट्रोल थेंबाथेंबानं बाहेर येऊ द्या. एक दिवस वाळू द्या. आत वाफ उरलेली असताना ज्योत दाखवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, म्हणून डाख द्यायचा तो विजेच्या कावियानं, कधीच ज्योतीनं नाही.

डाख देताना गंमत होते. कथील छिद्रावर ठेवलं की आतली तापलेली हवा त्याला फुगवून बाहेर फेकते. जोर करून भागत नाही. कावियाचं टोक क्षणभर लावायचं, काढायचं, फ्लोट निवू द्यायचा, पुन्हा लावायचं. बुडबुडा न धरता डाख बसला की वर आणखी एक थर द्यावासा वाटतो, पक्कं होईल म्हणून. तो देऊ नका. फ्लोट डाखाच्या वजनानं जड होतो, जड फ्लोट खोल बुडतो, वाट उशिरा बंद होते आणि वाटीतल्या पेट्रोलची पातळी वर राहते. म्हणजे छिद्र बुजलं आणि मिश्रण बिघडलं. सोनाराच्या काट्यावर आधीचं आणि नंतरचं वजन करून पाहा. जास्तीचं कथील कानशीनं उतरवा.

इथं तिन्ही प्रकार एकत्र आठवा. बुजलेलं उघडायला घातलेली तार पोकळी वाढवते. वाढलेली पोकळी पार मिटवली तर स्लाइड अडकते. नवी पोकळी बंद करायला आवळलेला नट आणखी एक नवी पोकळी पाडतो. प्रत्येक उपायाच्या पुढच्या पायरीवर पुढचा बिघाड उभा आहे. कुठल्या पायरीवर थांबायचं, हे हत्यारांच्या पेटीत मिळत नाही.

आता जोडणी. सुईची चकती वरून तिसऱ्या खाचेत, बहुधा तिथूनच सुरुवात करतात. सुई वर घेतली तर पेट्रोल वाढतं, खाली केली तर कमी होतं. एअर स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत आणि मग दीड फेरा बाहेर. नवी ओ-रिंग. फ्लँजचे नट दोन बोटांत पाना धरून, एकदा हा, एकदा तो, थोडे थोडे. जस्तातले आटे एकदा गेले की तारेच्या गुंडाळीचा आटा बसवणं किंवा टर्नरकडून बुश घालून घेणं, हेच उरतं. गॅसची ज्योत बॉडीजवळ आणायची नाही, हा धातू 400 अंशांच्या आतच वितळतो.

गाडी चालू करा. गरम होऊ द्या. मग एका वेळी एकच बदल. एअर स्क्रू पाव फेरा, आणि ऐका. इंजिन चढलं की उतरलं, हे कान सांगेल. लगेच दुसऱ्या स्क्रूला हात लावलात तर कशानं काय झालं ते कळणार नाही. एखाद्या सरळ रस्त्यावर पाचसात किलोमीटर जाऊन या आणि प्लग काढून पाहा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण जमलं. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा तर हवा जास्त. हीच गाडी साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेलीत तर विरळ हवेत प्लग थोडा काळसर येईल. त्यासाठी खाली आल्यावर काही बदलू नका.

शेवटी वही काढा. मेन जेट, पायलट जेट, निडल जेट, स्लाइडचा काप, सुईची खाच, एअर स्क्रूचे फेरे, सगळं लिहा. काढलेला जेट फेकू नका, चिठ्ठी लावून पुडीत ठेवा. फ्लोटवर किती कथील चढलं ते ग्रॅममध्ये लिहा. व्हर्निअर लावून फ्लँजची उरलेली जाडी मोजा आणि तीही लिहा. फ्लँज पुन्हा कधीतरी वाकेल, आणि त्या वेळी कापड अंथरून बसणाऱ्याला काचेवर हात फिरवण्याआधी कळलं पाहिजे, की आता घासायला किती धातू शिल्लक आहे.